विश्लेषण : ‘४५ टीबी’च्या बॅकअप टेपवर प्रत्यक्षात किती डेटा मावतो?

बॅकअप टेपच्या खोक्यावर दोन आकडे असतात, एक लहान आणि एक मोठा. मोठा आकडा धरून खरेदी केली तर बॅकअप मध्येच थांबू शकतो, आणि तो थांबलाय हे कळतं थेट गरज पडते त्या दिवशी. हे दोन आकडे येतात कुठून? खरा कुठला? आणि आपल्या संस्थेचा हिशेब कसा करायचा?

सध्या अनेक ठिकाणी वापरात असलेल्या एलटीओ-९ या टेपची क्षमता ‘१८ टीबी / ४५ टीबी’ अशी लिहिली जाते. काही कंपन्या तर टेपच्या नावातच ४५ टीबी घालतात. टेप एकच, फीत तेवढीच, मग दोन आकडे कशासाठी?

थोडक्यात उत्तर असं : १८ टीबी ही त्या फितीवरची प्रत्यक्ष जागा आहे. ४५ टीबी हा अंदाज आहे. तुमचा डेटा आकसून अडीच पट लहान होईल असं गृहीत धरून तो काढलेला आहे. डेटा तेवढा आकसला नाही, तर ४५ टीबी कधीच मावणार नाही. आणि आज संस्थांकडे जमा होणारा बराचसा डेटा तेवढा आकसत नाही.

टेप? अजून वापरतात?

कॅसेटचा जमाना संपला, पण टेपचा नाही. बॅकअपची टेप म्हणजे तळहातावर मावेल एवढी चौकोनी कार्ट्रिज. तिच्या आत अर्धा इंच रुंदीची चुंबकीय फीत गुंडाळलेली असते. एलटीओ-९ मध्ये या फितीची लांबी १ किलोमीटरपेक्षा जास्त, म्हणजे १,०३५ मीटर आहे.

टेपची खरी ताकद वेगळीच आहे. ड्राइव्हमधून काढून कपाटात ठेवली की ती कुठल्याच नेटवर्कला जोडलेली राहत नाही. सर्व्हरमध्ये व्हायरस शिरला, एखाद्या अपडेटने सगळा डेटा पुसला, तरी कपाटातल्या टेपला धक्का लागत नाही.

याचं गाजलेलं उदाहरण २०११ चं आहे. २७ फेब्रुवारीला जीमेलच्या काही ग्राहकांचे मेलबॉक्स अचानक रिकामे दिसू लागले. गुगलने नंतर सांगितलं की, एका सॉफ्टवेअर अपडेटमधल्या चुकीमुळे ०.०२ टक्के ग्राहकांना फटका बसला होता. गुगलकडे एकाच डेटाच्या अनेक प्रती वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये होत्या, पण चूक त्या प्रतींपर्यंतही पोहोचली. शेवटी मेल परत आले ते टेपवरून.

वऱ्हाडातल्या बँकांशी याचा काय संबंध?

३१ जुलै २०२४ रोजी सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या यंत्रणेवर रॅन्समवेअर हल्ला झाल्याची बातमी आली. सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवणारी ही कंपनी. खबरदारी म्हणून एनपीसीआयने तिला किरकोळ पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरतं तोडलं. देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसारखे व्यवहार त्या काळात अडकले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली.

रॅन्समवेअर म्हणजे डेटाला कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस. तो आधी बॅकअप शोधतो आणि सापडला तर त्यालाही कुलूप लावतो. म्हणून नेटवर्कपासून वेगळा ठेवलेला बॅकअप हा शेवटचा आधार मानला जातो.

रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. महत्त्वाच्या डेटाचा ठरावीक काळाने बॅकअप घ्या आणि तो ‘ऑफलाइन’ ठेवा, म्हणजे कॉपी झाल्यावर संगणकापासून वेगळं करता येईल अशा साधनावर ठेवा, असं त्यात सांगितलं आहे. अमरावती आणि अकोल्यात मुख्यालय असलेल्या नागरी सहकारी बँकांनाही हे लागू होतं. असं साधन म्हणजे टेपच असली पाहिजे असं नाही, बाहेरून जोडायची हार्ड डिस्कही चालते. पण डेटा दहा-वीस टीबीच्या पुढे गेला आणि तो वर्षानुवर्षं ठेवायचा असला की टेपचा विचार सुरू होतो.

आणि तिथेच प्रश्न येतो : किती टेप घ्यायच्या?

दोन आकडे आले कुठून?

एलटीओ हा टेपचा खुला मानक आहे. एचपी, आयबीएम आणि सीगेट या तीन कंपन्यांनी तो मिळून तयार केला. सीगेटची जागा पुढे क्वांटमकडे आली. पहिली टेप २००० मध्ये बाजारात आली आणि तेव्हापासून प्रत्येक पिढीला दोन आकडे आहेत.

● एलटीओ-१ (२०००) : १०० जीबी / २०० जीबी
● एलटीओ-३ (२००५) : ४०० जीबी / ८०० जीबी
● एलटीओ-५ (२०१०) : १.५ टीबी / ३ टीबी
● एलटीओ-६ (२०१२) : २.५ टीबी / ६.२५ टीबी
● एलटीओ-७ (२०१५) : ६ टीबी / १५ टीबी
● एलटीओ-८ (२०१७) : १२ टीबी / ३० टीबी
● एलटीओ-९ (२०२१) : १८ टीबी / ४५ टीबी

यादी नीट पाहिली तर एक गोष्ट लक्षात येईल. एलटीओ-५ पर्यंत दुसरा आकडा पहिल्याच्या बरोबर दुप्पट आहे. एलटीओ-६ पासून तो अडीच पट झाला.

असं का? टेप ड्राइव्हमध्ये डेटा आकसणारी एक चिप असते. लिहिताना ती आधी येऊन गेलेला थोडासा डेटा लक्षात ठेवते आणि नव्या डेटात तेच पुन्हा आलंय का ते पाहते. एलटीओ-६ मध्ये चिपची ही ‘आठवण’ मोठी केली. त्यामुळे ती जास्त पुनरावृत्ती पकडू शकते, असं सांगून गृहीत प्रमाण २ वरून २.५ वर नेण्यात आलं.

चिप खरंच सुधारली होती. पण गेल्या दहा-पंधरा वर्षांत लोकांचा डेटाही बदलला आणि तो उलट्या दिशेने बदलला. मजकूर आणि आकड्यांच्या जोडीला फोटो, व्हिडिओ आणि स्कॅन आले. खोक्यावरचं प्रमाण वाढलं, प्रत्यक्षातलं मात्र अनेक ठिकाणी घटलं.

डेटा आकसतो म्हणजे नेमकं काय होतं?

सातबाऱ्याचं उदाहरण घेऊ. एखाद्या तालुक्याचे हजारो सातबारे एकापाठोपाठ लिहिलेले आहेत असं समजा. प्रत्येकात ‘गाव नमुना सात’, ‘भोगवटादार वर्ग १’, ‘जिल्हा अमरावती’ हेच शब्द येणार. चिप ते शब्द दरवेळी पूर्ण लिहीत नाही. ‘इतकं मागे जा आणि तिथून इतकी अक्षरं उचल’ अशी छोटी खूण लिहिते. वाचताना ती खूण उलगडून मूळ मजकूर जसाच्या तसा मिळतो. काहीच गाळलं जात नाही, म्हणून याला लॉसलेस म्हणजे नुकसान न होणारं कॉम्प्रेशन म्हणतात.

मराठी मजकुराला तर यात जास्तच फायदा होतो. इंटरनेटवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षराला १ बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३. ‘राजापेठ’ या शब्दात काना-मात्रा वेगळे मोजले तर ७ चिन्हं आहेत, म्हणजे २१ बाइट. पण त्या प्रत्येक तीन बाइटमधला पहिला बाइट कायम एकच असतो आणि दुसरा दोनपैकी एक. वेगळेपण जवळजवळ सगळं तिसऱ्यात. एवढी पुनरावृत्ती असल्यावर आकसायला भरपूर वाव मिळतो.

म्हणजे आकसण्याचं रहस्य पुनरावृत्तीत आहे. पुनरावृत्ती नसेल तर चिप काहीच करू शकत नाही.

प्रेस केलेली गाठ पुन्हा प्रेस होते का?

कापूस पट्ट्यातल्या वाचकाला हे सांगायला नको. जिनिंगमध्ये सरकी वेगळी झाल्यावर मोकळी रुई खोलीभर पसरते. प्रेसमधून निघाली की तीच १७० किलोच्या गाठीत बसते. पण बांधलेली गाठ पुन्हा प्रेसमध्ये घातली तर ती निम्मी होत नाही. दाबण्यासारखी हवा आधीच निघून गेलेली असते.

डेटाचंही तसंच आहे. मोबाइलने काढलेला फोटो जेपीईजी स्वरूपात साठवला जातो, तेव्हाच तो आकसलेला असतो. व्हिडिओ, एमपी-३ गाणी, सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग या सगळ्या ‘बांधलेल्या गाठी’ आहेत. वर्ड आणि एक्सेलच्या आजच्या फाइलही आतून झिपच असतात. बहुतेक पीडीएफचंही तेच.

हे घरबसल्या तपासता येतं. मोबाइलमधले दहा फोटो निवडा, झिप फाइल तयार करा आणि आधीचा व नंतरचा आकार पाहा. फरक नावापुरता असेल. मग एखादी मोठी साधी टेक्स्ट फाइल झिप करून पाहा. ती निम्म्याहून लहान झालेली दिसेल.

यामागे साधं गणित आहे. १,००० वेगवेगळ्या वस्तूंना वेगळा क्रमांक द्यायचा तर ३ अंक लागतात. २ अंकांत १०० च क्रमांक बसतात, उरलेल्या ९०० वस्तूंना जागाच राहत नाही. म्हणून कोणतीही पद्धत प्रत्येक फाइल लहान करू शकत नाही. काही लहान होतात, काही होत नाहीत. एकदा आकसलेली फाइल या दुसऱ्या गटात जाते.

एलटीओच्या चिपला हे माहीत असतं. डेटा आकसत नाही असं दिसलं की ती तो भाग जसाच्या तसा लिहिते. त्यामुळे फोटो-व्हिडिओने भरलेली टेप १८ टीबीच्या फार खाली येत नाही. पण वरही जात नाही.

कोणता डेटा किती आकसतो?

नेमका आकडा डेटा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. ढोबळ अंदाज असा बांधता येतो :

● लॉग फाइल, साधा मजकूर, सीएसव्ही : उत्तम आकसतात. दुप्पट ते चौपट, कधी त्याहून जास्त. सर्टइनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार संस्थांना सिस्टिमचे लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. टेपच्या दृष्टीने हा सगळ्यात ‘सोयीचा’ डेटा.

● बँकेच्या खात्यांचा डेटाबेस : चांगला आकसतो. दुप्पट ते तिप्पट. डेटाबेस सॉफ्टवेअरनेच आधी कॉम्प्रेशन केलेलं असेल तर हा फायदा उरत नाही.

● कार्यालयीन फाइल आणि ईमेल : मिश्र. मजकूर आकसतो, जोडलेले फोटो आणि पीडीएफ आकसत नाहीत. एकूण फायदा थोडाच.

● सीटी स्कॅन, एमआरआय : मूळ, न आकसलेल्या स्वरूपात असतील तर दीड ते दोन पट. हॉस्पिटलच्या यंत्रणेने आधीच आकसून ठेवले असतील तर काहीच नाही.

● स्कॅन केलेली कागदपत्रं, फोटो, लग्नाचे व्हिडिओ, सीसीटीव्ही : जवळपास शून्य. १ टीबीला १ टीबी.

● एन्क्रिप्ट केलेला डेटा : शून्य. चांगलं एन्क्रिप्शन डेटातली सगळी पुनरावृत्ती लपवतं, तेच त्याचं काम आहे.

चित्रपट टेपवर ठेवायचा तर?

महाराष्ट्रात डेटाचे प्रचंड साठे सांभाळणाऱ्या संस्थांपैकी एक पुण्यात आहे : १९६४ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. २०२२ मध्ये ते एनएफडीसीत विलीन झालं. राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियानाखाली जुन्या चित्रपटांची रिळं ४के दर्जात स्कॅन करून त्यांचं पुनरुज्जीवन करण्याचं काम तिथे चालतं. जगभरातल्या चित्रपट संग्रहालयांत अशा डिजिटल प्रती दीर्घकाळ ठेवण्यासाठी एलटीओ टेपच वापरल्या जातात.

एका चित्रपटाला किती जागा लागते? ४के स्कॅनमध्ये ३५ मिमी फिल्मची पूर्ण चौकट ४,०९६ × ३,११२ ठिपक्यांची असते. डीपीएक्स या प्रचलित स्वरूपात प्रत्येक ठिपक्याला ४ बाइट धरले, तर एका चौकटीला सुमारे ५१ एमबी. सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे दोन तासांच्या चित्रपटाच्या १,७२,८०० चौकटी. एकूण जागा सुमारे ८.८ टीबी.

खोक्यावरचे ४५ टीबी धरले तर एका टेपवर पाच चित्रपट बसायला हवेत. १८ टीबी धरले तर दोनच.

बसतात साधारण दोनच. कारण जुन्या फिल्मवर रवा असतो, म्हणजे बारीक दाणेदारपणा. डोळ्याला तो सुंदर वाटतो, पण चिपला त्यात पुनरावृत्ती सापडत नाही. लगतच्या दोन चौकटी आपल्याला सारख्या दिसल्या तरी त्यांतला रवा प्रत्येक वेळी वेगळा असतो. शिवाय पुढची चौकट येते ५१ एमबीनंतर, आणि तेवढ्या मागचं आठवण्याइतकी चिपची आठवण मोठी नाही.

चित्रपटांच्या क्षेत्रात काम करणारे म्हणूनच टेपचा पहिला आकडाच बोलतात. अडचण होते ती पहिल्यांदा टेप घेणाऱ्या कार्यालयांची.

बॅकअप सॉफ्टवेअर आधीच आकसत असेल तर?

आजची बहुतेक बॅकअप सॉफ्टवेअर डेटा टेपकडे पाठवण्याआधी स्वतःच आकसतात. त्यापुढे जाऊन ती ‘डीडुप्लिकेशन’ही करतात, म्हणजे एकच फाइल शंभर संगणकांवर असली तर तिची एकच प्रत ठेवतात. सॉफ्टवेअर संपूर्ण साठ्यात पुनरावृत्ती शोधतं, तर टेपची चिप फक्त जवळचं पाहते. म्हणून सॉफ्टवेअर बऱ्याचदा जास्त जागा वाचवतं.

पण फायदा एकदाच मिळतो. सॉफ्टवेअरने अडीच पट आकसलं आणि टेपनेही अडीच पट आकसलं, असा गुणाकार होत नाही. सॉफ्टवेअरमधून निघालेला डेटा म्हणजे बांधलेली गाठ.

एन्क्रिप्शनचा क्रमही महत्त्वाचा. आधी आकसायचं आणि मग कुलूप लावायचं, हा योग्य क्रम. एलटीओ-४ पासून ड्राइव्हमध्येच एन्क्रिप्शनची सोय आहे आणि ड्राइव्ह हाच क्रम पाळते. पण सर्व्हरवरच आधी एन्क्रिप्ट करून डेटा टेपकडे पाठवला, तर चिपच्या हाती काही लागत नाही. सुरक्षेसाठी सर्व्हरवर एन्क्रिप्शन करणं योग्य असू शकतं. फक्त मग टेपचा हिशेब १८ टीबीनेच करायचा.

१८ टीबी तरी पूर्ण मिळतात का?

जवळजवळ. पण तीन गोष्टी लक्षात ठेवायला हव्यात.

पहिली, मोजण्याची पद्धत. टेप बनवणारे १ टीबी म्हणजे १ लाख कोटी बाइट धरतात. विंडोज मात्र १,०२४ च्या पटीत मोजतं. १२८ जीबीचा पेन ड्राइव्ह विंडोज संगणकाला ११९ जीबीच्या आसपास दिसतो, तो याचमुळे. त्याच हिशेबाने १८ टीबीची टेप १६.३७ टीबी भरते. जागा चोरीला गेलेली नाही, माप वेगळं आहे. पण सर्व्हरवरचा ‘१७ टीबी’चा फोल्डर या टेपवर मावणार नाही.

दुसरी, लिहितानाची तपासणी. ड्राइव्ह लिहिलेलं लगेच वाचून पाहते. नीट उतरलं नसेल तर तोच तुकडा पुढे पुन्हा लिहिते. टेप जुनी, खराब किंवा धुळीची असेल तर अशा दुबार लेखनात जागा जाते.

तिसरी, टेपवरची जागा मधूनच मोकळी होत नाही. पेन ड्राइव्हवरची फाइल काढून टाकली की जागा परत मिळते. टेपवर नवा डेटा नेहमी शेवटी जोडला जातो. जागा परत हवी तर टेप पुसून सुरुवातीपासून वापरावी लागते.

फक्त जागेचा नाही, वेळेचाही प्रश्न

या भागाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. खोक्यावर क्षमतेसारखेच वेगाचेही दोन आकडे असतात. पूर्ण उंचीच्या एलटीओ-९ ड्राइव्हचा खरा वेग सेकंदाला ४०० एमबी आहे. कॉम्प्रेशन धरून तो १,००० एमबी सांगितला जातो. अर्ध्या उंचीच्या, तुलनेने लहान ड्राइव्हचा खरा वेग ३०० एमबीच आहे.

४०० एमबीच्या वेगाने १८ टीबी भरायला साडेबारा तास लागतात. १,००० एमबीच्या वेगाने ४५ टीबी भरायलाही तेवढेच, साडेबारा तास. म्हणजे टेप तितक्याच वेळात भरते, पण डेटा आकसला नाही तर त्या वेळात निम्म्याहून कमी काम होतं.

बँकेचा दिवसाचा व्यवहार संपल्यापासून दुसऱ्या दिवशी शाखा उघडेपर्यंतचा वेळ म्हणजे ‘बॅकअप विंडो’. ती १२ तासांची धरली, तर आकसत नसलेल्या डेटाची एक टेपही त्या रात्रीत पूर्ण भरत नाही. त्यात नवी कोरी एलटीओ-९ टेप पहिल्यांदा घातली की ड्राइव्ह ती आधी जुळवून घेते. या कॅलिब्रेशनला कधी कधी दोन तासांपर्यंत वेळ लागतो. पहिल्याच रात्री ‘ड्राइव्ह अडकली’ अशी तक्रार होते, ती बरेचदा यामुळे.

एक हिशेब मांडून पाहू

समजा, राजापेठेत मुख्य कार्यालय असलेल्या एका संस्थेचा एकूण डेटा ३० टीबी आहे. संस्था काल्पनिक आहे, पण डेटाचं असं मिश्रण अनेक ठिकाणी आढळतं.

● खात्यांचा डेटाबेस : ६ टीबी, अडीच पट आकसला तर २.४ टीबी
● कार्यालयीन फाइल आणि ईमेल : ४ टीबी, सव्वा पट आकसला तर ३.२ टीबी
● स्कॅन केलेली कागदपत्रं : ८ टीबी, तशीच ८ टीबी
● सीसीटीव्ही : १२ टीबी, तसंच १२ टीबी

टेपवर जाणारा एकूण डेटा २५.६ टीबी. म्हणजे संपूर्ण साठा अडीच पट नाही, तर जेमतेम १.१७ पट आकसला.

आता खोक्यावरचा आकडा आणि हा हिशेब शेजारी ठेवू.

टेप : ४५ टीबी धरले तर एक पुरेल आणि वर १५ टीबी उरतील असं वाटेल. प्रत्यक्षात दोन लागतात.

वेळ : १,००० एमबीच्या वेगाने ३० टीबीला ८ तास २० मिनिटं. प्रत्यक्षात ४०० एमबीच्या वेगाने २५.६ टीबीला सुमारे १७ तास ४५ मिनिटं.

महिन्याचा संच : आठवड्याला एक पूर्ण बॅकअप, त्याच्या दोन प्रती, असे चार आठवडे. अंदाज ८ टेपचा, गरज १६ टेपची.

खर्च दुप्पट होतो हे खरं, पण तो सगळ्यात लहान तोटा आहे. मध्यरात्री पहिली टेप भरते, ड्राइव्ह दुसरी मागते आणि कार्यालयात कुणीच नसतं. काम ‘टेपच्या प्रतीक्षेत’ अडकून राहतं. सकाळी कुणीतरी ते रद्द करतं, कारण दिवसभर सर्व्हर मोकळा हवा असतो. असं चार आठवडे चाललं आणि पाचव्या आठवड्यात रॅन्समवेअर आला, तर हातात असलेला शेवटचा पूर्ण बॅकअप महिनाभर जुना असतो. त्या महिन्यातल्या ठेवी, कर्जाचे हप्ते, पासबुकातल्या नोंदी कागदांवरून पुन्हा भराव्या लागतात.

यातला उपायही याच यादीत दिसतो. ३० टीबीपैकी १२ टीबी सीसीटीव्ही आहे. ते रोजच्या बॅकअपमधून वेगळं काढलं, तर उरलेल्या १८ टीबीचे टेपवर १३.६ टीबी होतात. ते एका टेपवर बसतात आणि साडेनऊ तासांत, म्हणजे एका रात्रीत संपतात. खात्यांचा डेटाबेस एकटाच घेतला तर दोन तासही लागत नाहीत. म्हणून टेप वाढवण्याआधी कशाचा बॅकअप रोज हवा आणि कशाचा नको, हे ठरवणं स्वस्त पडतं.

मग खोक्यावरचा मोठा आकडा खोटा आहे का?

खोटा म्हणता येणार नाही. ४५ टीबीबरोबर ‘२.५:१ कॉम्प्रेशन गृहीत धरून’ अशी तळटीप असते. नुसत्या लॉग फाइल ठेवणाऱ्याला तेवढा डेटा खरंच भरता येतो. पण तो आकडा टेपचा गुण नाही. तो तुमच्या डेटाबद्दल, तो न पाहता, केलेला अंदाज आहे.

हा अंदाज उद्योगाच्या आकडेवारीतही उतरतो. एलटीओच्या कंपन्यांनी २०२४ मध्ये १७६.५ एक्झाबाइट क्षमतेच्या टेप विकल्याचं जाहीर केलं. एक्झाबाइट म्हणजे १० लाख टीबी. हा आकडाही अडीच पट कॉम्प्रेशन धरूनच आहे. अडीचने भागलं तर प्रत्यक्ष फितीवरची जागा उरते सुमारे ७०.६ एक्झाबाइट.

हार्ड डिस्क विकताना असं होत नाही. त्यामुळे ‘२० टीबीच्या डिस्कपेक्षा ४५ टीबीची टेप मोठी’ ही तुलना चुकते. खरी तुलना २० विरुद्ध १८ अशी आहे.

खरेदीआधी काय तपासाल?

● कोटेशनमध्ये ‘नेटिव्ह’ क्षमता मागा. एलटीओ-७ म्हणजे ६, एलटीओ-८ म्हणजे १२, एलटीओ-९ म्हणजे १८ टीबी. निविदेत नुसतं ‘४५ टीबी टेप’ लिहिलं तर पुरवठादार तीच देईल आणि नियमाने तो बरोबर असेल.

● डेटाची वर्गवारी करा. डेटाबेस किती, स्कॅन किती, व्हिडिओ किती. वर दिल्यासारखी चार ओळींची यादीही पुरते.

● नमुना घेऊन मोजा. प्रत्येक प्रकारातला काही जीबी डेटा झिप करून पाहिला तर दिशा कळते. टेप यंत्रणा आधीच असेल तर आणखी सोपं : बॅकअप सॉफ्टवेअरच्या अहवालात किती डेटा पाठवला आणि टेपवर किती जागा गेली हे दोन्ही दिसतं. भागाकार केला की तुमचं खरं प्रमाण मिळतं.

● शंका असेल तर प्रमाण १ धरा. डेटा आकसला तर जागा उरेल. नाही आकसला तरी बॅकअप पूर्ण होईल.

● एकाच ठिकाणी कॉम्प्रेशन करा. सॉफ्टवेअर करतंय की ड्राइव्ह, हे ठरवा. एन्क्रिप्शन त्यानंतर.

● वेळेचा हिशेब खऱ्या वेगाने करा. ड्राइव्ह पूर्ण उंचीची आहे की अर्ध्या, हे कोटेशनमध्येच विचारा. रात्रीच्या तासांत बसत नसेल तर रोज फक्त बदललेला डेटा आणि आठवड्यातून एकदा, सुटीच्या दिवशी, पूर्ण बॅकअप असा बेत करा. पूर्ण बॅकअपला दोन टेप लागत असतील तर टेप बदलायला कोण थांबणार, हेही आधी ठरवा.

● परत आणून पाहा. टेपवर गेलेला डेटा परत येतो का, हे तीन-चार महिन्यांनी तरी तपासा. एक प्रत दुसऱ्या इमारतीत, शक्य असेल तर दुसऱ्या गावात ठेवा.

ग्राहकाने काय विचारायचं?

आपल्या बँकेत टेप आहे की डिस्क, याच्याशी खातेदाराला देणंघेणं नसतं, आणि नसावंही. पण सहकारी बँकेचा भागधारक वार्षिक सर्वसाधारण सभेत प्रश्न विचारू शकतो. तिथे ‘बॅकअप आहे का?’ एवढंच विचारलं तर उत्तर ‘हो’ येईल. त्याऐवजी दोन प्रश्न विचारता येतात : ‘नेटवर्कपासून वेगळा ठेवलेला शेवटचा पूर्ण बॅकअप कोणत्या तारखेचा आहे?’ आणि ‘त्यातून डेटा परत आणून शेवटचं कधी पाहिलं?’ या दोन तारखा लगेच सांगता आल्या, तर टेपचा हिशेबही कुणीतरी नीट केलेला आहे असं समजायला हरकत नाही.